'पाण्याचं नंतर बघू' म्हणणाऱ्या भाऊंसाठी

हंडा_कळशी: परवा एका बांधकामवाल्या भाऊंनी लिहिलं होतं, "खान्देशात घरं कमी पडताहेत. पाणी, गटार वस्तीमागे आपोआप येतात. आधीच क्षमता मोजत बसलो तर एक वीट चढायची नाही." वाचून सकाळचा चहा कडू झाला.

भाऊ, वस्तीमागे आपोआप येतो तो टँकर. आमच्या कॉलनीला १२ वर्षं झाली. शहराचं नाव घेत नाही, आहे तेवढं पाणीही बंद व्हायचं. कागदात वाक्य होतं की नळ येईपर्यंत सोय बिल्डर करेल. त्याने बोअर मारला, दोन उन्हाळे चालला, तिसऱ्या मार्चात कोरडा. बिल्डरचा फोन त्याच्याही आधी आटला होता.

आता हिशेब. २०० फ्लॅट, घरात ५ माणसं, माणशी १३५ लिटर हे सरकारीच माप. रोजचे १,३५,००० लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तेराचौदा खेपा. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, लाखभर लिटर. नकाशात शोषखड्ड्याचा सुबक गोल काढलेला असतो. आपल्या काळ्या मातीत तो किती शोषतो, ते कुठल्याही केळीवाल्याला विचारा. आमचा शोषखड्डा दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये येतो.

विटा_सिमेंट: ताई, ती पोस्ट माझीच. तुमच्या बिल्डरचं पाप माझ्या माथी कशाला? मी विकास शुल्क भरतो, लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडतो. पालिकेने पैसे घेतल्यावर पाईप टाकायचा कोणी? आणि परवानगी अडवली म्हणून माणूस घर बांधायचं थांबत नाही. तो शेतातला गुंठा घेतो, स्टॅम्पपेपरवर. तिथे ना रस्ता, ना नाली. मग सरकार ती बांधकामं नियमित करणारा गुंठेवारी कायदा आणतं. २००१ मध्ये आणला, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. नियमाने बांधणाऱ्याला मात्र तुम्ही हंड्याचा हिशेब विचारणार!

हंडा_कळशी: गुंठेवारीचं खरं आहे, मान्य. पण शेजारचा उघड्यावर बसतो म्हणून तुम्ही आमच्या दारात खड्डा करायचा का?

पुणेरिटर्न: पाण्यावरून बांधकाम थांबू शकतं. बाणेर-बालेवाडीत २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने नव्या परवानग्यांना लगाम घातला होता.

विटा_सिमेंट: आणि त्याने तिथले फ्लॅट स्वस्त झाले वाटतं?

व्हॉल्वमन_नाना: ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, म्हणून दोन शब्द. तुम्ही दोघंही धरणाकडे बघून भांडताय. जळगावला वाघूर धरण आहे, धुळ्याला तापी नदी, नकाणे आणि डेडरगाव तलाव आहेत. धरण भरलं म्हणजे नळ भरला असं नसतं. तापी खाली, धुळं वर, पाणी पंपाने चढवावं लागतं. वीज गेली की पुढचं सगळं वेळापत्रक पुढे. मग शुद्धीकरण, मग उंच टाकी, मग रस्त्याखालची लाईन. सगळ्यात अरुंद गळा जिथे असेल, तीच तुमची क्षमता. टाकी जुन्या वस्तीच्या मापाची, लाईन चार इंची. तिच्यावर टाकीजवळच २०० फ्लॅट जोडले, तर ते पोटभर पितात आणि शेपटाकडच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. परवानगीच्या फायलीला या टाकीचा आणि लाईनचा कागद लागलेला मी तरी पाहिला नाही.

आणि आता राग येईल ते सांगतो. निम्मे तक्रारखोर थेट नळाला मोटर लावतात. आधी ती काढा.

शेपूट_गल्ली: नाना, लई सोपं बोलले. मोटर लावाले हौस नही कोनले. आठ दिनमा एकदाच पानी येस, तेही रातले अडीच वाजता.

व्हॉल्वमन_नाना: तुम्ही ओढलंत की पुढच्या घराला नाही, मग तोही मोटर आणतो, एकाऐवजी दीड अश्वशक्तीची. शिवाय लाईन गटारीतून गेलेली असते. मोटर ओढते तेव्हा फुटक्या जोडातून गटारही ओढते. कावीळ कुठून येते वाटतं?

शेपूट_गल्ली: लाईन गटारीतून कोणी नेली? आम्ही? तुमच्याच खात्याने ना?

व्हॉल्वमन_नाना: लाईन आधीची आहे. गटार नंतर आली. अरे-तुरे करत नव्हतो, पण आता करतो.

हंडा_कळशी: नाना, तुम्ही कधी अडीचला उठलात का? मी कित्येक वर्षं उठतेय. माझ्या लग्नात माहेरहून आलेलं मिक्सर अजून खोक्यात आहे, पण मोटर तीन वेळा बदलली. सासूबाई आजारी असताना त्यांच्याजवळ बसायचं की नळाजवळ, हे रोज ठरवलंय. मोटर लावणारी चोर म्हणायची असेल तर म्हणा.

व्हॉल्वमन_नाना: चोर म्हटलं नाही, बाई. आमच्या घरीही आहे. सौभाग्यवतीने लावली, मी ड्युटीवर होतो.

शेपूट_गल्ली: घ्या!!

कूलरग्रस्त: सगळे १३५ धरून बसलेत, त्यात कूलर कुठाय? मे महिन्यात आमचा मोठा कूलर दिवसाला ५०-६० लिटर सहज पितो. दोन खोल्या, दोन कूलर. माप ठरवणाऱ्याने भुसावळचा उन्हाळा पाहिलेला दिसत नाही.

विटा_सिमेंट: चला, म्हणजे दोष बिल्डरचा, मग मोटरचा, आता कूलरचा. मी मोकळा.

हंडा_कळशी: विषय वळवू नका. एकच विचारते. तुमच्या नव्या स्कीमचं पाणी कुठल्या टाकीवरून येणार, तिच्यात आज किती शिल्लक राहतं, हे बुकिंगआधी ब्रोशरमध्ये छापाल का? स्विमिंग पूल छापता तेवढ्याच अक्षरात?

विटा_सिमेंट: छापलं तर शेजारचा न छापणारा विकून मोकळा होईल. सगळ्यांना सक्ती करा, पहिला कागद मी जोडतो. झालं समाधान? पण टाकीत शिल्लक किती, हे लिहून सही कोण करणार? नाना, तुमची चालेल का?

व्हॉल्वमन_नाना: माझी सही निवृत्त झाली. आणि चालली असती, तरी तुमच्या चौथ्या मजल्याला दिली नसती.