महिलांच्या पॅरा अल्पाइन स्कीइंगमध्ये उशिरा पोहोचणारी स्पर्धक पहिली कशी ठरते?

प्रश्न

अपंग महिलांच्या अल्पाइन स्कीइंगच्या शर्यती मी गेल्या काही दिवसांपासून आवडीने पाहत आहे. बसून स्की करणाऱ्या महिलांच्या सुपर-जी या वेगाच्या, लांब वळणांच्या शर्यतीत दोन स्पर्धकांच्या वेळा मी स्वतः मोजल्या, तेव्हा जी काही सेकंद उशिरा खाली पोहोचली तिलाच वरचा क्रमांक मिळाल्याचे दिसले. शिवाय पडद्यावरचे घड्याळ तिच्या वेळी जरा संथ चालत असल्यासारखे वाटले. वेळेला गुणांक लावतात एवढे मी ऐकून आहे. परंतु जी शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते, तिचा निकाल गुणाकाराने लावणे न्याय्य आहे का? प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वासाठी वेगळी शर्यत का घेत नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण अचूक आहे. घड्याळ खरोखरच संथ चालते, कारण पडद्यावर धावती वेळ दाखवतानाच तिला स्पर्धकाचा गुणांक लावलेला असतो.

या खेळात स्पर्धकांचे तीन गट असतात: उभ्याने स्की करणाऱ्या, बसून स्की करणाऱ्या आणि दृष्टिबाधित. प्रत्येक गटात पुन्हा वर्ग असतात. बसणाऱ्यांचे वर्ग मुख्यतः धडावर किती ताबा आहे यावरून ठरतात. एलडब्ल्यू १० या वर्गातील स्पर्धकाला पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचा आधार जवळजवळ नसतो, तर एलडब्ल्यू १२ मधील स्पर्धकाचे धड पूर्ण साथ देते. दोघीही मोनोस्कीवरच बसतात, म्हणजे एकाच स्कीवर धक्काशोषकासह बसवलेल्या, शरीराला घट्ट बसणाऱ्या आसनात. दोघींच्याही हातांत टोकाला छोटी स्की जोडलेल्या आउटरिगर नावाच्या कुबड्या असतात. तरीही वळणावर मोनोस्की कडेवर झुकवून पुन्हा सरळ करण्याचे काम एकीचे धड करते आणि दुसरीला तेच खांद्यांनी व हातांनी निभावावे लागते. गुणांक हा फरक भरून काढण्यासाठी आहे.

केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका स्पर्धकाला ८० सेकंद लागले आणि तिचा गुणांक ०.८० असेल, तर निकालात ६४ सेकंद धरले जातील. दुसरी ७५ सेकंदांत आली, पण तिचा गुणांक ०.८६ असेल, तर तिचे ६४.५० सेकंद होतील. डोळ्यांना पाच सेकंदांनी मागे दिसलेली स्पर्धक अशा रीतीने अर्ध्या सेकंदाने जिंकते. हे गुणांक आधीच्या शर्यतींच्या निकालांवरून काढलेले असतात, शर्यतीच्या प्रकारानुसार ते बदलतात आणि वेळोवेळी त्यांत दुरुस्तीही होते.

वेगळ्या शर्यती का नाहीत, याचे उत्तर इतिहासात आहे. १९७६ साली स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक येथे पहिली हिवाळी पॅरालिम्पिक झाली, तेव्हापासून अनेक वर्षे वर्गवार पदके देण्याचीच पद्धत होती. महिलांच्या बाबतीत तिचा परिणाम असा होई की काही वर्गांत स्पर्धकच जेमतेम असत. तीन पदकांसाठी तीन-चार जणी उतरणार असतील, तर जिंकणारीलाही आपण नेमके कोणाला मागे टाकले याचे समाधान मिळत नाही. २००६ च्या ट्युरिन पॅरालिम्पिकपासून पदके या तीन गटांतच देण्यास सुरुवात झाली. महिलांच्या शर्यतींना त्यामुळे खरी चुरस मिळाली, असे मी मनापासून मानते.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरण योग्य आहे, परंतु गुणांक म्हणजे निर्दोष न्याय असा समज त्यातून होऊ नये, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट बर्फाची. गुणांक शर्यतीच्या प्रकारासाठी ठरलेला असतो. त्या दिवशीच्या बर्फासाठी नसतो. कडक, गुळगुळीत बर्फावर आणि दुपारच्या उन्हाने भुसभुशीत झालेल्या बर्फावर एका स्कीवरून जाणारी आणि दोन स्कींवरून जाणारी यांच्यातील अंतर सारखे राहत नाही. पाठोपाठ स्पर्धक जाऊन वळणांवर चर पडले, की दोन पाय असलेली स्पर्धक एका पायाचा भार दुसऱ्यावर घेऊन सावरू शकते; एकाच पायावर उभ्याने स्की करणाऱ्या स्पर्धकाला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट आकडेवारीची. एखाद्या वर्गात जगभरात मोजक्याच महिला असतील आणि त्यांतील एक असामान्य असेल, तर तिच्या वेळांवरून त्या वर्गाविषयी काढलेले अनुमान कितपत विश्वासार्ह मानायचे? तिच्या कौशल्याचे श्रेय नकळत तिच्या अपंगत्वाच्या प्रकाराला दिले जाण्याचा धोका असतो आणि मग त्याच वर्गात नव्याने येणाऱ्या मुलीला त्याचा भुर्दंड पडतो.

प्रतिसाद १

बर्फाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र उभ्याने स्की करणाऱ्या महिलांचे प्रत्यक्ष निकाल पाहावेत. २०१० साली व्हँकूव्हर येथे कॅनडाच्या लॉरेन वूलस्टनक्रॉफ्ट यांनी पाच सुवर्णपदके जिंकली. त्यांना जन्मतः दोन्ही पाय गुडघ्यांखाली नाहीत आणि डावा हात कोपराखाली नाही. त्यानंतर २०१४ साली सोची येथे आणि २०१८ साली प्योंगचांग येथे फ्रान्सच्या मारी बोशे यांनी प्रत्येकी चार सुवर्णपदके मिळवली; त्यांना जन्मतः डावा हात कोपरापुढे नाही, पाय मात्र दोन्ही धडधाकट आहेत. इतक्या वेगळ्या शरीरांच्या दोन महिलांनी एकाच गटावर पाठोपाठ असे वर्चस्व गाजवले, याचा अर्थ गुणांक कोणत्या एका प्रकारच्या अपंगत्वाला झुकते माप देत नाही, असा मी घेते. हा गणिती पुरावा नाही हे मी जाणते.

न्यायाचा वाद गुणांकापुरताच असतो असेही नाही. सोची येथे जर्मनीच्या आना शाफेलहुबर यांनी बसून स्की करण्याच्या पाचही शर्यती जिंकल्या. त्यांतील स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळच्या वळणांच्या शर्यतीत, सुरुवातीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन त्यांना बाद ठरवले गेले होते. अपिलात तो निर्णय फिरला, म्हणून ते पाचवे सुवर्ण त्यांच्या नावावर राहिले. खेळाडूच्या दृष्टीने अशा निर्णयांचे ओझे गुणांकापेक्षा कमी नसते.

प्रतिसाद ३

चर्चेत दृष्टिबाधित गट मागे राहिला, म्हणून लिहिते. मी स्वतः अल्पदृष्टी आहे आणि सोबतिणीच्या मदतीने धावते, त्यामुळे हा गट मला विशेष जवळचा वाटतो.

या गटात प्रत्येक स्पर्धकापुढे मार्गदर्शक स्की करत असते आणि हेल्मेटमधील यंत्रणेतून दोघी सतत बोलत असतात. ज्यांना सर्वात कमी दिसते, त्यांना पूर्ण झाकलेला चष्मा लावावा लागतो, म्हणजे उरलीसुरली दृष्टीही कोणाला फायदा देत नाही. मार्गदर्शक फार पुढे गेली तर मागचीला तिचा अंदाज येत नाही, फार हळू गेली तर वेळ वाया जातो. मागे न पाहता मागचीचा वेग ओळखणे ही विलक्षण गोष्ट आहे. धावताना माझी सोबतीण एका दोरीच्या अंतरावर असते, तरी तिचा एक शब्द उशिरा आला की माझे पाऊल चुकते. डाउनहिलमध्ये, म्हणजे सर्वात वेगवान शर्यतीत, मोटारीच्या वेगाने जाताना तो उशीर किती महागात पडत असेल, याची मला कल्पना करवत नाही.

म्हणूनच पदक दोघींनाही मिळते. स्लोवाकियाच्या हेन्रिएटा फार्काशोवा आणि त्यांच्या मार्गदर्शक नतालिया शुब्रतोवा यांनी प्योंगचांग येथे चार सुवर्णपदके मिळवली. ब्रिटनचे हिवाळी पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णही अशाच जोडीचे आहे: २०१४ साली सुपर-जीमध्ये केली गॅलहर आणि त्यांच्या मार्गदर्शक शार्लट एव्हन्स. सुपर-जीमध्ये मार्ग आधी फक्त पाहून घेता येतो, डाउनहिलप्रमाणे त्यावर सरावाच्या फेऱ्या मिळत नाहीत. मग ज्या स्पर्धकाला तो नीट पाहताही येत नाही, तिच्यासाठी मार्गदर्शकाने तो लक्षात ठेवणे किती मोलाचे आहे हे सांगायला नको.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. पाहिलेली सुपर-जी मी पुन्हा लावली आणि या वेळी वेळेकडे न पाहता दोघींच्या खांद्यांकडे पाहिले. पहिली वळणावर कमरेतून झुकत होती; दुसरीचे धड आसनात जवळजवळ स्थिर होते आणि आउटरिगर बर्फावर टेकवून ती प्रत्येक वळण हातांनी ओढून घेत होती. वरचा क्रमांक तिलाच मिळाला होता. बर्फाविषयीची शंका मात्र माझ्या मनात कायम आहे. शर्यतीच्या दिवशी सकाळी बर्फ पाहून गुणांकात मर्यादित बदल करण्याचा विचार कधी झाला आहे का?

प्रतिसाद २

तसा बदल मला योग्य वाटत नाही, जरी शंका मीच उपस्थित केली होती. स्पर्धकाला आपला गुणांक शर्यतीपूर्वी ठाऊक असणे आणि तो कोणाच्या त्या दिवशीच्या मतावर अवलंबून नसणे, हे तिच्या हक्काचे आहे. सकाळी पंचांनी पाहिलेला बर्फ दुपारी तसाच राहील याचीही खात्री नसते. त्यापेक्षा बर्फाची मशागत अधिक काटेकोर करावी आणि एका गटातील सर्व महिला शक्य तितक्या कमी वेळात उतरतील असे वेळापत्रक आखावे.