चढावर हँडब्रेक ओढणारा कच्चा ड्रायव्हर? साफ असहमत

वाईचा वाटाड्या

परवा इथेच एका सदस्याने लिहिलं होतं, "चढावर हँडब्रेक ओढून गाडी काढणारे सगळे कच्चे. हाफ क्लचवर गाडी तोलता येत नसेल तर घाटात येऊच नये." खाली 'अगदी बरोबर', 'एक नंबर' अशी रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो. पण हे वाचून एखादा नवशिका हँडब्रेकला हात लावायला लाजेल आणि पसरणीच्या घाटात मागच्याच्या बॉनेटवर जाऊन बसेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट सोडून, गाडी तोलता तेव्हा आत काय चाललेलं असतं? इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली आहेत आणि मधला सगळा फरक क्लच प्लेट घासून सोसतेय. पाच माणसं आणि डिकीतलं सामान धरून छोटी गाडी १,३०० किलोच्या आसपास जाते. दहास एक चढ असेल तर तिला मागे ओढणारा जोर होतो साधारण १३० किलोचा. तो जोर तुम्ही त्या प्लेटवर धरून ठेवता, वर एसीही चालू असतो.

आता हँडब्रेकची रीत. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, बटण अंगठ्याखाली, पहिला गिअर. क्लच सावकाश सोडत यायचा. एका जागी क्लच पकडतो, इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडीची शेपूट खाली दबते. पाय तिथेच थांबवायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक खाली. गाडी बोटभरही मागे येत नाही. शिवाय आपल्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि चढावर वजनही मागेच जातं. म्हणजे जिथे पकड जास्त तिथेच ब्रेक. यात कच्चेपणा कुठे आला?

आणि 'हे नवशिक्यांचं काम' म्हणणाऱ्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ वाचावा. लायसन्सच्या परीक्षेत काय यायला हवं याची त्यात यादी आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणं त्यात आहे, हँडब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटर आणि पायब्रेकचा योग्य वापर करून, गाडी जराही मागे न येऊ देता. सरकारला जे चालतं ते तुम्हाला का चालत नाही?

घाटमाथा

ती पोस्ट माझी, त्यामुळे उत्तरही मीच देतो.

तुम्हीच दिलेल्या नियमात 'किंवा' आहे. हँडब्रेक *किंवा* ॲक्सिलरेटर आणि पायब्रेक. म्हणजे माझी रीतही तितकीच कायदेशीर. पायब्रेक दाबलेला असताना क्लच सोडत पकडीच्या जागी आणायचा, मग उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर. गाडी तोलायची ती त्या क्षणापुरती. मिनिटभर तोलून धरा असं मी कुठे लिहिलं होतं?

शनिवारी सकाळी पुण्याकडून निघून खंबाटकी चढून बघा. रांग एक गाडीभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. दर वेळी हँडब्रेक ओढा, सोडा, ओढा, सोडा? डावा हात गिअरवर हवा की तिथे? डिझेल गाडी असेल तर नुसता क्लच सोडला तरी ती चढ ओढते, ॲक्सिलरेटरचीही गरज पडत नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट त्यांच्या रोजचा. ते म्हणायचे, गाडी पायात उतरली पाहिजे. हँडब्रेकची सवय लागली की पकडीची जागा पायाला कधीच कळत नाही. आणि यातले निम्मे लोक हँडब्रेक अर्धाच खाली टाकतात, मग डॅशबोर्डवर लाल दिवा पेटलेला आणि मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधून वास. दर सुट्टीत दिसतं हे.

गॅरेज कराड

भांडा खुशाल, पण तुम्ही दोघांनी जे टाळलं ते मी रोज उघडून बघतो.

मे महिन्याची सुट्टी संपली की आणि गणपतीत कोकणातून लोक परतले की क्लचच्या गाड्या येतात. गिअरबॉक्स उतरवला की प्लेटचं अस्तर काळं पडून भुगा झालेलं असतं, रिव्हेट वर आलेले, आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिला टेकते त्या इंजिनच्या जड चकतीवर, निळे-जांभळे डाग. तो रंग म्हणजे लोखंड किती तापलं त्याची खूण. गाडीमालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "पण मी तर नीटच चालवली."

यातले फार थोडे लोक चढावर गाडी काढताना प्लेट जाळतात. बाकीचे घाटभर डावा पाय क्लचवर ठेवून बसतात. रांग थांबली की ब्रेक न दाबता हाफ क्लचवरच उभे. घाटमाथा साहेब, क्षणभर तोललं तर प्लेटला काही होत नाही, हे खरं. पण तुमची पोस्ट वाचणारा क्षणभर थांबत नाही, तो पुढची गाडी हलेपर्यंत तसाच धरून बसतो. तुम्ही ते 'क्षणभर' लिहायला हवं होतं.

रॅम्पवाली

तुम्ही सगळे घाटाचं बोलताय. महामार्गाचे घाट बांधताना चढ बेताचाच ठेवतात, डोंगरी भागातही साधारण वीसास एक. आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प त्याहून कितीतरी उभा आहे. वर वळण, वळणावर कॉलम, आणि ऑगस्टमध्ये शेवाळ. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, चढावर पुढचं वजन आधीच कमी झालेलं, त्यात ओलं. जास्त ॲक्सिलरेटर दिला की चाकं जागच्या जागी फिरतात. तिथे हँडब्रेकशिवाय मला कुणी गाडी काढून दाखवावी.

हे मला शिकवलं कुणी? ड्रायव्हिंग स्कूलने तर नाही. सपाट मैदानात आठचा आकडा, गल्लीतून चार फेऱ्या, झालं शिक्षण. नियम १५ मधलं ते वाक्य मी आज पहिल्यांदा वाचतेय. माझ्या परीक्षेत चढ नावाची गोष्टच नव्हती.

आणि सगळ्यात मोठा त्रास गाडीचा नाही, मागच्याचा आहे. रॅम्पवर मी थांबले की मागचा वीतभर अंतरावर येऊन हॉर्न वाजवतो. मागच्या वर्षी माझी गाडी जराशी मागे आली आणि त्याच्या बंपरला टेकली. भरपाई मी दिली. पण इतकं चिकटून उभं राहायला त्याला सांगितलं कुणी?

सातारा रोड

ताई, स्पष्ट बोलतो. मागे आलात म्हणजे चूक तुमची, पैसे दिलेत ते योग्यच केलंत. मागचा उभा होता, हललात तुम्ही. 'चिकटून होता' ही पळवाट झाली. उद्या उभ्या भिंतीला गाडी घासली तर भिंत जवळ होती म्हणाल?

रॅम्पवाली

भिंत हॉर्न वाजवत नाही. भिंत मागून चालत येऊन माझ्या डिकीला चिकटत नाही. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवणं हा नियम आहे आणि चढावर ते अंतर जास्तच लागतं. पैसे दिले ते सोसायटीत रोज तोंड बघावं लागतं म्हणून, चूक कबूल केली म्हणून नाही. तुम्ही कधी रॅम्पवर, मागून हॉर्न वाजत असताना, शेजारच्या सीटवर रडणारं मूल घेऊन गाडी काढली आहे का?

वाईचा वाटाड्या

सातारा रोड, जरा जपून. मूळ प्रश्न हाच आहे की नवीन माणसावर दडपण कोण आणतं. मागचा एक गाडीभर मागे थांबला तर चढावरचे निम्मे अपघात होणारच नाहीत. सिंहगडाच्या रस्त्यावर रविवारी हेच होतं. चढणारा थांबला की मागे दहा जण चिकटतात, आणि समोरून उतरणारा मधोमध घुसतो. मग चढणाऱ्याने जायचं कुठे?

सातारा रोड

सिंहगडाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तिथे चढणाऱ्यांचीच अरेरावी असते. उतरणारा भरलेली गाडी घेऊन येतो, ब्रेक तापलेले असतात, आणि हे खालून लाईट मारत मधोमध येतात. जो थांबू शकतो त्याने थांबावं. चढणारी गाडी ॲक्सिलरेटर सोडला की आपसूक थांबते, उतरणारी थांबत नाही.

वाईचा वाटाड्या

हे उलटं आहे. रस्त्याच्या नियमांत १९८९ पासून स्पष्ट लिहिलेलं होतं की डोंगरी आणि तीव्र चढाच्या रस्त्यावर, दोन गाड्या सहज निघणार नाहीत अशा ठिकाणी, उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण साधं आहे. चढणाऱ्याचा वेग एकदा मोडला की त्याला पुन्हा शून्यातून ती गाडी उचलावी लागते, म्हणजे आपण सकाळपासून ज्यावर भांडतोय नेमकं तेच. उतरणाऱ्याला ब्रेक सोडला की झालं. आणि ब्रेक तापतात ते कशामुळे? दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं सोडून लोक न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायला बघतात म्हणून.

सातारा रोड

मी आयुष्यात कधी न्यूट्रलमध्ये उतरलो नाही, माझ्यावर ढकलू नका. नियम पुस्तकात राहतो. समोर दरीच्या कडेला मी असतो आणि डोंगराच्या कडेला चढणारा. मी कुठे सरकू? घाटात पुस्तक घेऊन बसायचं की जीव वाचवायचा?

घाटमाथा

दरीच्या कडेला कोण, हे वळणागणिक बदलतं. जाताना तुम्हीही कधीतरी चढलाच असाल ना? एवढ्या एका मुद्द्यावर मी वाटाड्यांच्या बाजूने आहे. वडील कुंभार्लीत उतरताना वरूनच बघायचे, खालून गाडी येत असेल तर रुंद जागी आधीच थांबायचे. अर्ध्या वळणात समोरासमोर येऊन मग वाद घालण्यात अर्थ नाही.

नेरळ लाईन

मी नेरळ–माथेरान टॅक्सी चालवतो. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात, पण तेवढ्या रस्त्यात तुमचे सगळे घाट विसराल.

पर्यटक चुकतात ते गाडी काढताना नाही, थांबताना. वळणाच्या पोटात थांबतात. वळणाच्या आतल्या अंगाला चढ सगळ्यात उभा असतो, बाहेरच्या अंगाला कमी. वरून गाडी येताना दिसली की वळणाच्या खालीच, जिथे रस्ता त्यातल्या त्यात सपाट आहे तिथे थांबा. ती गेली की पहिल्या गिअरमध्ये एका दमात वळण काढा. मधे गिअर बदलायचा नाही. एसी बंद. पुढची गाडी वळण पार करेपर्यंत तिच्या मागे लागायचं नाही, ती अडकली तर तुम्हीही अडकलात.

हँडब्रेक लागतो. आम्हालाही लागतो. भरलेली गाडी, पेट्रोल इंजिन, तिथे पायाची कसरत दाखवायला कोण बसलंय?

अजून एक. गाडी बंद पडली की लोक चाकाला दगड लावतात. लावा, बरोबर आहे. पण गाडी निघाली की तो दगड तसाच रस्त्यात टाकून जातात. रात्री उतरणाऱ्या दुचाकीवाल्याच्या पुढच्या चाकाखाली तो आला तर? एका माणसाने खाली उतरून दगड कडेला टाकायचा आणि सपाटीपर्यंत चालत यायचं. एवढं होत नाही लोकांकडून.

निवांत एएमटी

या सगळ्यावर उपाय आहे. क्लचचं पेडल नसलेली गाडी घ्या. मी घेतल्यापासून हा विषयच संपला.

गॅरेज कराड

संपलेला नाही. एएमटीत, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या तुमच्या गाडीत, पेडल नाही, क्लच आहे. तीच कोरडी प्लेट, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं. सुरुवातीच्या एएमटी गाड्यांना हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, नव्हतं, चढावर त्याही मागे यायच्या. आणि लोक सिग्नलला चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवतात. म्हणजे हाफ क्लचच की. वास तोच येतो, बिल तेवढं मोठं येतं. तुमच्या गाडीला हिल होल्ड असेल तरी ते दोनेक सेकंदच धरतं. नंतर ब्रेक तुम्हीच दाबायचा.

घाटमाथा

ठीक आहे, 'कच्चे' हा शब्द मागे घेतो. रॅम्पवाल्या ताईंसाठी आणि नेरळच्या भाऊंसाठी. थांबणं लांबलं किंवा गाडी भरलेली असली तर हँडब्रेक, मान्य. पण रांग सरकत असताना पायब्रेकवरून गाडी काढता यायलाच हवी, यावरून मी हलणार नाही. ज्याला फक्त हँडब्रेकच येतो, त्याची केबल ढिली झाली की तो काय करणार?

वाईचा वाटाड्या

केबल घट्ट करून घेणार. तुमच्या सरकत्या रांगेचं मात्र पटलं. खंबाटकीत पायब्रेकवरून काढणं सोयीचं आहे. पण त्याच रांगेत पुढच्याशी गाडीभर अंतर ठेवलं, तो दोन गाड्या पुढे गेल्यावरच निघालं, तर दहा वेळा काढायची गाडी तीनदाच काढावी लागते. तेही लिहा तुमच्या पुढच्या पोस्टमध्ये.

रॅम्पवाली

गॅरेज काका, केबल ढिली झाली हे कळतं कसं? माझा हँडब्रेक हल्ली बराच वर येतो.

गॅरेज कराड

ओढताना टिकटिक मोजा. पाच-सात टिकटिकींत गाडी धरली पाहिजे. दहाच्या वर जात असेल तर केबल ताणलेली किंवा मागचे ब्रेक शू झिजलेले. बघायचं असेल तर रॅम्पवर नको, हलक्या उतारावर, मागे-पुढे कुणी नसताना, पायब्रेकवर पाय तयार ठेवून हँडब्रेक ओढा आणि पायब्रेक सावकाश सोडा. गाडी सरकली तर पावसाळ्याआधी दाखवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सातारा रोड

केबल ढिली असताना रॅम्पवर गाडी मागे आली, म्हणजे चूक कुणाची ते आता तरी कळलं असेल.

रॅम्पवाली

मागच्या वर्षी केबल घट्ट होती. आणि तो वीतभरावरच होता.