पहिली पदवी हाती असताना कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज करण्याविषयी

प्रश्न : सूक्ष्मदर्शी

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली असून गेली काही वर्षे औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करतो आहे. परवाने, तपासणीचे अहवाल, पेटंटसंबंधीचा पत्रव्यवहार हे सारे या कामात सतत समोर येते. त्यातल्या विज्ञानापेक्षा कायद्याच्या बाजूतच माझे मन अधिक रमते, हे लक्षात आल्यापासून कायद्याचे रीतसर शिक्षण घेण्याचा विचार पक्का होत चालला आहे. अडचण अशी की पदवीचे गुण पन्नास टक्क्यांच्या थोडेच वर आहेत. ती बाजू सावरण्यासाठी आधी एखादी पदव्युत्तर पदवी घ्यावी, की आहे त्या गुणांवर अर्ज करावा? विज्ञानाचा पदवीधर म्हणून प्रवेश समित्या माझ्याकडे साशंकतेने पाहतील का? नोकरी सांभाळून हे शिक्षण होते का? भारतात शिकावे की बाहेर, हे अजून ठरलेले नाही. एका परिचितांचे म्हणणे असे, की पदवी आहेच तर थेट एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्यावा. त्याविषयीही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : परिशिष्ट

आपण गुणांपासून सुरुवात केली आहे, पण वकिली कोणत्या देशात करायची हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कायदा ज्या देशाचा, त्याच देशाच्या न्यायालयांत तो चालतो आणि वकिलीची सनद म्हणजे परवाना देणारी संस्थाही तिथलीच असते. त्यामुळे देश आधी आणि अभ्यासक्रम नंतर, हाच क्रम सोयीचा. परदेशात कायद्याची पदवी घेऊन भारतात सनद मागणाऱ्याची पदवी बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाच्या नियामक संस्थेने मान्य केलेली असावी लागते आणि तेवढ्यावर न भागता त्याला कौन्सिलची पात्रता परीक्षाही द्यावी लागते, हे अनेकांना परत आल्यावर कळते.

भारतापुरते बोलायचे तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. हा कायद्याच्या पदवीचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांनुसार पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. ही अट आपण ओलांडलेलीच आहे. त्यापुढे अनेक ठिकाणी प्रवेश परीक्षेतील गुणांवरच यादी लागते, म्हणून निव्वळ प्रवेशासाठी आणखी एक पदवी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तो वेळ प्रवेश परीक्षेच्या तयारीला द्यावा.

नोकरीचा मुद्दा मात्र खरोखर गंभीर आहे. हा अभ्यासक्रम पूर्णवेळ मानला जातो आणि नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थितीची अट आहे. कुठे ती शिथिलपणे पाळली जाते अशी कुजबुज ऐकू येते, परंतु अशा कुजबुजीच्या भरवशावर तीन वर्षांची आखणी करू नये. शिवाय सनद घेतल्यावर वकिलाला सर्वसाधारणपणे पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे कंपनीच्या पगारावर राहून न्यायालयात उभे राहण्याचा बेत असेल, तर तो आताच सोडून द्यावा. न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा विचार मनात असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे.

उत्तर २ : सागरापार

बाहेरच्या देशांविषयी थोडी भर घालतो. अमेरिकेत कायदा हा मुळातच पहिल्या पदवीनंतर शिकायचा विषय आहे. तिथला जे.डी. हा कायद्याच्या पदवीचा अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्यास तीन वर्षांचा असतो आणि काही विद्यापीठे तोच संध्याकाळच्या वर्गांतून साधारण चार वर्षांत पूर्ण करू देतात. पहिली पदवी अमुकच विषयाची हवी असे बंधन नसल्यामुळे वर्गात इतिहासाचा, संगीताचा आणि रसायनशास्त्राचा पदवीधर शेजारी शेजारी बसलेले असतात. साशंकतेचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

गुणांच्या बाबतीत एक तपशील नीट समजून घ्यावा. अर्जांची कागदपत्रे एकत्र करणारी तिथली मध्यवर्ती संस्था सरासरी काढताना पहिली पदवी मिळेपर्यंतचेच गुण धरते. नंतरच्या पदव्युत्तर पदवीची गुणपत्रिका समितीपुढे जाते खरी, पण त्या सरासरीत तिची भर पडत नाही. भारतीय विद्यापीठातील पदवीला तर अशी आकड्यातली सरासरी दिलीच जात नाही. तिचे मूल्यमापन करून ढोबळ श्रेणी कळवली जाते. साहजिकच आपल्यासारख्या अर्जदाराच्या बाबतीत एलसॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेतील गुणांचे वजन वाढते. तिचे गुण १२० ते १८० या पट्टीवर मोजले जातात आणि ऑगस्ट २०२४ पासून तर्ककोड्यांचा विभाग काढून टाकल्यामुळे आता सारा भर युक्तिवाद पारखण्यावर आणि वाचून समजून घेण्यावर आहे. यात कायद्याचे ज्ञान तपासले जात नाही. बरीच विद्यापीठे अर्ज जसे येतील तसे निर्णय देत जातात, म्हणून शेवटच्या तारखेपर्यंत थांबणे तोट्याचे ठरू शकते.

इंग्लंडची घडी निराळी आहे. तिथे एलएल.बी. शालेय शिक्षणानंतर लगेच करता येते, पण अन्य विषयाच्या पदवीधराने ती पुन्हा पहिल्यापासून करावी अशी अपेक्षा नसते. बॅरिस्टर, म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा वकील, व्हायचे असल्यास साधारण वर्षभराचा रूपांतर अभ्यासक्रम करून पुढच्या प्रशिक्षणाकडे जाता येते. सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला सल्ला देणारा आणि कागदपत्रे पाहणारा वकील, होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आली आहे : कोणत्याही विषयाची पदवी, परीक्षेचे दोन्ही टप्पे आणि दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कामाचा अनुभव. पहिल्या टप्प्यात बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीत १८० प्रश्न. हे वाचायला सुटसुटीत वाटते, पण कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्याला तयारीच्या वर्गांवाचून ते झेपणे कठीणच.

एलएल.एम.विषयी आपल्या परिचितांचा सल्ला बाजूला ठेवावा. ती कायद्याच्या पदवीवरची पदवी आहे. अन्य शाखांच्या पदवीधरांना घेणारी काही विद्यापीठे आहेत, परंतु अशा एलएल.एम.मुळे एरवी वकिलीचा हक्क मिळत नाही, आणि जाहिरातीत ही गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली सहसा आढळत नाही.

उत्तर ३ : टाचण

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण प्रश्नकर्त्याला वकीलच व्हायचे आहे असे दोघांनीही धरून चालले आहे. मूळ प्रश्नात पेटंटचा उल्लेख आहे. भारतात पेटंट एजंट, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंट कार्यालयापुढे काम पाहणारा, म्हणून नोंदणीसाठी १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि त्यासाठीची परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे असते. कायद्याची पदवी लागत नाही. अमेरिकेतही पेटंट कार्यालयापुढे काम करण्याच्या परीक्षेला तांत्रिक शिक्षण लागते, जे.डी. नव्हे. म्हणजे जी पदवी आपल्याला अडचण वाटते आहे, तीच इथे प्रवेशपत्र ठरते, आणि ज्याच्याकडे नुसता एलएल.बी. आहे त्याला हे दार बंद असते. आधी ही परीक्षा देऊन पाहावी. त्या अभ्यासात गोडी वाटली तर पुढे कायद्याच्या पदवीसाठी अर्ज करताना सांगण्यासारखे काही ठोस हाती असेल, आणि कंटाळा आला तर तीन वर्षे वाचतील.

प्रश्नकर्ता : सूक्ष्मदर्शी

सर्वांचे आभार. एलएल.एम.चा विचार सोडून दिला आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेचे मला खरोखरच माहीत नव्हते. तिचा अभ्यासक्रम आजच पाहतो. एकच शंका उरते. बाहेरच्या विद्यापीठांसाठी जे निवेदन लिहायचे असते, त्यात कमी गुणांचा खुलासा करावा का? आणि पदवीनंतर इतका काळ लोटल्यावर शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे?

उत्तर ४ : परिशिष्ट

खुलासा करण्याजोगे खरे कारण असेल, म्हणजे आजारपण, घरची जबाबदारी असे काही, तर ते निवेदनात न मिसळता स्वतंत्र पुरवणी टिपणात चार-पाच वाक्यांत लिहावे. कारण नसेल तर विषय काढूच नये. गुणपत्रिका समितीपुढे असतेच. निवेदनातली जागा कामावर खर्च करावी. ‘मला न्यायाची ओढ आहे’ अशा वाक्याने सुरू होणारे निवेदन वाचणाऱ्याला अर्जदाराविषयी काहीही सांगत नाही. त्याऐवजी एखादा तपासणी-अहवाल घ्यावा : त्यात नियमाचा कोणता शब्द वादाचा ठरला, आपण त्याचा अर्थ कसा लावला, समोरच्या अधिकाऱ्याने कसा लावला आणि शेवटी काय मान्य झाले. अर्थात, कंपनीची गोपनीय माहिती उघड होणार नाही इतपत तपशील गाळून.

शिफारसपत्रांबाबत विद्यापीठांचा कल प्राध्यापकांच्या पत्राकडे असतो, कारण अर्जदार वर्गात कसा विचार करतो हे त्यांनाच ठाऊक असते. ज्यांनी आपला प्रकल्प तपासला अशा प्राध्यापकांना जुना प्रकल्प-अहवाल आणि सध्याच्या कामाचे एक पान पाठवून विनंती करावी. आठवण ताजी झाल्याशिवाय त्यांच्याकडून चार औपचारिक ओळींपलीकडे काही येणार नाही. दुसरे पत्र कामाच्या ठिकाणचे चालते, फक्त ते हुद्द्याने मोठ्या व्यक्तीकडून न घेता आपले लेखी काम रोज तपासणाऱ्या व्यक्तीकडून घ्यावे.