पश्चिमेच्या भिंतीला मातीच्या पोकळ विटा: बांधताना काय सांभाळायचं?

वऱ्हाडी_ऊन
अकोल्यात वरच्या मजल्यावर १२ × १२ ची खोली वाढवतोय. आरसीसी फ्रेम आहे. पश्चिमेची भिंत १२ फूट लांब, बीमखाली १० फूट उंच, मध्ये ४ × ४ ची खिडकी. ९ इंची विटेऐवजी भाजलेल्या मातीच्या पोकळ विटा (४०० × २०० × २०० मिमी, आडव्या भोकांच्या) लावायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतो भोकांत माल जातो, स्क्रू धरत नाही, त्यापेक्षा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घ्या. उष्णतेत खरंच फरक पडतो का? माल किती लागेल? आणि एसीचं आउटडोअर युनिट याच भिंतीवर येणार आहे, त्याचं काय करू?

ओळंबा
आधी मोजमाप. खिडकी वजा जाता १०४ चौ. फूट, म्हणजे ९.६६ चौ. मीटर. १० मिमी सांधा धरला तर चौ. मीटरला ११.६ विटा बसतात, म्हणजे ११२. तूटफूट धरून १२० मागवा. १:६ च्या मालाला (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) साधारण एक गोणी सिमेंट पुरतं. ९ इंची बांधकामाला याच भिंतीत तीन-साडेतीन गोण्या जातात. एक वीट ११-१२ किलोची असते आणि गिलाव्यासकट भिंतीचं वजन निम्म्याहून कमी होतं. वाढीव मजल्याला हा फायदा उष्णतेपेक्षा लहान नाही.

आता थर. एक थर सांध्यासकट २१० मिमी. चार थर झाले की ८४० मिमी, त्यावर ७५ मिमीचा आरसीसी पट्टा (८ मिमीच्या दोन सळया, दोन्हीकडे कॉलमपर्यंत), की सिल (खिडकीचा तळ) बरोबर ३ फुटांवर. खिडकीची उंची ४ फुटांऐवजी १२६० मिमी घ्या, पुढचे सहा थर न कापता बसतील. लिंटेल (खिडकीवरचा आरसीसी पट्टा) २०० मिमी उंच, म्हणजे एका थराच्या जागी, आणि वर तीन थर. एकूण चौदा थर आणि सिलचा पट्टा एवढी उंची होते आणि बीमखाली जेमतेम ३० मिमी उरतात. ही फट लगेच भरू नका. भिंत बसायला आठ-दहा दिवस द्या, मग थोडा कोरडाच माल ठासा. घाई केली की बीमखाली केसाएवढी आडवी चीर ठरलेली.

मिस्त्रीचं म्हणणं निम्मं खरं आहे. आडव्या थरात माल भोकांत जात नाही, कारण विटेची वरची बाजू बंद असते. तो जातो उभ्या सांध्यात, जिथे भोकांची तोंडं समोरासमोर येतात. म्हणून माल घट्ट ठेवायचा, विटेच्या टोकाला कडेच्या भिंतींवर लावायचा आणि वीट शेजारच्या विटेवर दाबून बसवायची. सैल माल फेकून सांधे भरणाऱ्या गवंड्याला हे काम देऊ नका. विटांवर नुसतं पाणी शिंपडा. रात्रभर हौदात बुडवल्या की पाणी भोकांत साठून राहतं. दिवसाला पाच-सहा थरांपुढे जाऊ नका.

खिडकीच्या दोन्ही बाजूंना उघडी भोकं येतात, तिथे चौकटीचे क्लॅम्प धरत नाहीत. सिल पट्ट्यापासून लिंटेलपर्यंत १०० मिमी रुंद आरसीसी उभी पट्टी ओता. कॉलम आणि विटा मिळतात तिथे प्रत्येक दुसऱ्या थराला धातूची पट्टी, आणि गिलाव्याआधी ३०० मिमी रुंद जाळी. विटेच्या अंगावर खाचा असतात, त्यामुळे गिलावा धरावा म्हणून वेगळं टोचून घ्यावं लागत नाही.

विटा घेताना आयएस ३९५२ (पोकळ विटांचं भारतीय मानक) चा चाचणी अहवाल मागा: दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी, पाणीशोषण २० टक्क्यांच्या आत. भाडं आधी विचारा. बेंगळुरूजवळच्या कुणिगलहून माल येणार असेल तर हजारेक किलोमीटरचा प्रवास आहे, १२० नगांना स्वतंत्र गाडी परवडणार नाही.

यू_व्हॅल्यू
सिमेंटचा पोकळ ब्लॉक घेऊ नका. नाव सारखं असलं तरी त्यात दोन मोठ्या पोकळ्या असतात. वीसेक मिमीच्या पुढे हवेची जाडी वाढवून फायदा थांबतो, कारण आतली हवा फिरू लागते. मातीच्या विटेत लहान कप्प्यांच्या एकामागे एक रांगा असतात, शिवाय भाजलेली माती काँक्रीटपेक्षा उष्णता कमी वाहते. ९ इंची गिलावा केलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौ. मीटरमागे किती वॅट उष्णता आरपार जाते तो आकडा, कमी तितका चांगला) २ च्या आसपास, या विटेच्या २०० मिमी भिंतीची १ च्या आसपास.

उन्हासकट आत-बाहेर २५ अंशांचा फरक धरला तर तुमच्या भिंतीतून ९ इंचीत साधारण ४८० वॅट येतात, पोकळ विटेत २४०. ढोबळ हिशेब आहे, भिंत तापायला लागणारा वेळ यात नाही. ९ इंची भिंत दुपारची उष्णता साठवून रात्री झोपायच्या वेळी आत सोडते, ती चीडही इथे कमी होते.

पण वर बघा. १२ × १२ चा उघडा ५ इंची स्लॅब त्याच फरकाला १,२०० वॅटच्या वर आत ओततो. पैसा एकाच जागी घालायचा असेल तर स्लॅबच्या इन्सुलेशनला घाला, भिंत नंतर. इको निवास संहिता (२०१८), म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली, छताच्या यू-व्हॅल्यूला १.२ ची मर्यादा घालते. उघडा स्लॅब तिच्या तिप्पट भरतो.

वऱ्हाडी_ऊन
स्लॅबचं लक्षात आलं. विटांच्या भोकांत थर्माकोलचे दाणे भरले तर?

यू_व्हॅल्यू
नको. जर्मनी-ऑस्ट्रियात ३६ ते ४२ सेंमी जाडीच्या विटांत रॉकवूल किंवा परलाइट भरतात, पण कारखान्यात, आणि सांधाही एक मिमीचा असतो. इथे १० मिमीच्या सांध्यातून उष्णता जातेच, त्यामुळे भरण्याचा मोबदला थोडा. वायरिंगसाठी झिरी (भिंतीत खाच) मारली की दाणे बाहेर, आणि आगीचा धोका वेगळा.

ड्रिलबिट
एसीपुरतं. पोकळ विटेत लोखंडी एक्स्पान्शन फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) कधीच नाही. तो पसरतो आणि विटेचा पातळ पापुद्रा फुटतो. ब्रॅकेट शक्यतो कॉलमवर, लिंटेलवर किंवा सिल पट्ट्यावर घ्या. विटेवरच घ्यायचं असेल तर भिंतीच्या आरपार १० मिमीचे बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट, किंवा जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट). पडद्याच्या रॉडला लांब नायलॉन प्लग चालतो. सगळीकडे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

वायरिंगची झिरी कटरने मारा, छन्नी-हातोड्याने नाही, आणि पहिल्या कप्प्यापेक्षा खोल नको. एसीचा ड्रेन पाइप भिंतीतून नेताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि आत अखंड पीव्हीसीची बाही घाला. ड्रेनचं पाणी कप्प्यात शिरलं तर आडव्या भोकांतून दोन-तीन विटा पलीकडे ओल दिसते आणि गळती भलतीकडेच शोधत बसावं लागतं.