मदत हवी आहे: स्क्लेरोडर्मा, घरी टीपीएन (ऐरोली/ठाणे)

नमस्कार मंडळी,

आईला बऱ्याच वर्षांपासून सिस्टेमिक स्क्लेरोसिस (स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार) आहे. आता आजार आतड्यांपर्यंत पोचलाय. आतडी अन्न पुढे ढकलतच नाहीत. चार चमचे पेज घेतली तरी पोट फुगतं आणि उलटी होते. अँटिबायोटिक्स आलटून-पालटून देऊन झाली, नाकातून लहान आतड्यापर्यंत नळी घालूनही पाहिली, पण तिला सोसलं नाही. शेवटी टीपीएन, म्हणजे सगळं पोषण थेट शिरेतून, सुरू केलं. छातीत हिकमन लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली, बराच काळ राहणारी नळी) आहे आणि पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत. रात्री बारा तास पंप, दिवसा मोकळी. हे ऐकल्यावर आईने पहिलं विचारलं, "मग खाली कट्ट्यावर जाता येईल ना?"

खरी अडचण हातांची आहे. एरवी पेशंटलाच लाइन जोडायला शिकवतात म्हणे. आईची बोटं आकसलीत, टोकांना जखमा आहेत, कॅप फिरवताच येत नाही. मी आणि बायको शिकतोय, पण माझी शिफ्ट ड्यूटी. एका नर्सिंग ब्युरोला फोन केला तर "सगळं येतं" म्हणाले. लाइनचं तोंड कशाने आणि किती वेळ पुसता विचारलं, तर उत्तर नाही. अशा माणसाच्या हाती लाइन द्यायची माझी तयारी नाही, कारण इथे जंतू थेट रक्तात जातात. अशा सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेतल्या नळीचा) खरा अनुभव असलेली नर्स ऐरोली, कळवा, ठाणे भागात कुणाला माहीत आहे का?

आमच्या पोषणाच्या तीन कप्प्यांच्या पिशवीवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलंय. उन्हाळ्यात तुम्ही कुठे ठेवता? व्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट्स (सूक्ष्म खनिजं) वेगळी घालावी लागतात, ती घरी घालता की फार्मसीतून घालून आणता? पिशवी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर लावण्याआधी किती वेळ बाहेर काढता? आईला रेनॉड्ज आहे, गारवा लागला की बोटं निळी पडतात. बॅटरी बॅकअपचा पंप भाड्याने मिळतो का? पावसाळ्यात घामाने ड्रेसिंग सुटतं, त्यावर काय करता? घरच्या या खर्चाचा मेडिक्लेम कुणाला मिळालाय का?

थंडी वाजून ताप आला तर पॅरासिटॅमॉल देऊन वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी बजावलंय. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, लिव्हरच्या तपासण्याही ठरल्यात.

काढे, तूप, पथ्य कृपया सुचवू नका, पोटातून काही चालतच नाही. नर्सचे नंबर धाग्यावर न देता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.