भुईमूग: पाण्याच्या ताणातली निवड फक्त स्पॅडवर करावी का?

काळी_माती
उपट्या भुईमुगाच्या एफ-५ (संकरानंतरच्या पाचव्या) पिढीतल्या ४८ ओळी, म्हणजे वेगवेगळे वंश, उन्हाळीत लावायच्या आहेत. ५ मीटरचे सरे, ३० × १० सेंमी, तीन पुनरावृत्ती. तुलनेसाठीचे वाण टॅग-२४ आणि जेएल-२४. एक संच पूर्ण पाण्यावर, दुसऱ्याचं पाणी आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटल्यापासून तोडायचं. हाताशी स्पॅड मीटर (पानाचा हिरवेपणा मोजणारं), ओव्हन आणि काटा. स्पॅडवरच निवड केली तर भागेल का?

आरी
नाही भागणार. झाडानं किती पाणी उडवलं, त्या पाण्यावर किती वाळला माल बनवला आणि त्यातला शेंगांचा वाटा किती, या तिघांच्या गुणाकारातून उत्पादन येतं. स्पॅड फक्त मधल्याचा अंदाज देतो, तोही आडून. शेंगांकडे माल न वळवणारी ओळ शेवटपर्यंत हिरवीगार दिसते आणि उपटल्यावर हाती पाला येतो.

रीडिंग ६० दिवसांच्या आसपास घ्या. मुख्य खोडावरचं शेंड्याकडून तिसरं पूर्ण उघडलेलं पान, चारही पर्णिका, मधली शीर टाळून. एक पुनरावृत्ती एकाच सकाळी उरका. त्याच पानांचं क्षेत्रफळ काढून ८० अंशांवर ४८ तास वाळवा. दर ग्रॅमला चौरस सेंमी जितके कमी, तितकं पान जाड; हाही त्याच मधल्या गोष्टीचा अंदाज. दुपारी तोडलेली पानं यात मिसळू नका. तोवर पानात पिष्ट साठून वजन वाढलेलं असतं.

चुनखडी
रान चुनखडीचं असेल तर आधी लोहाचं बघा. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, अशा प्लॉटमध्ये स्पॅड ताण मोजत नाही, लोहाची कमतरता मोजतो. १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालून फवारा, नवी पानं हिरवी येऊ द्या, मगच मीटर लावा.

वाटा_शेंगांचा
काढणीला शेंगांचं वाळलं वजन १.६५ ने गुणून वाटा काढा, कारण तेल बनवायला झाडाला जास्त ऊर्जा लागते. गळलेली पानं गोळा करायला विसरू नका. टिक्का रोगानं (पानांवरचे ठिपके) पानं गळाली की पाल्याचं वजन घटतं आणि शेंगांचा वाटा फुकटचा वाढलेला दिसतो.

टक्केवारीतल्या घटीवर तर अजिबात निवडू नका. समजा एक ओळ हेक्टरी ९०० किलोवरून ८०० वर आली, दुसरी २००० वरून १३०० वर. घट पहिलीची कमी, पण ताणातही ५०० किलो जास्त दुसरीच देते. दोन्ही संचांच्या उत्पादनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, क्रम त्यावर लावा. स्पॅड तळाच्या ओळी गाळण्यापुरता ठेवा.

काळी_माती
आणि पाणी तोडायची वेळ?

आरी
आऱ्या सुटताना तोडलं तर वरचा थर कडक होतो, आऱ्या जमिनीत शिरतच नाहीत, आणि मुळं कितीही खोल असली तरी ओळ बाद ठरते. आऱ्या शिरून शेंगा पोसायला लागल्या की तोडा. मात्र तो ताण बुरशीला पोषक, म्हणून निवडलेल्या ओळींचे दाणे अफ्लाटॉक्सिनसाठी (त्या बुरशीचं विष) तपासून घ्या. उन्हाळीत ताणासोबत उष्णताही असते. त्याच ओळी खरिपात पुन्हा लावल्याशिवाय नाव पक्कं करू नका.