मदत हवी आहे – जुना स्लॅशर घेऊ का नको?

नमस्कार मंडळी, राजापूरकडे आमची अडीच एकर काजूची बाग आहे, दोन वर्षं कोणी बघितलं नाही आणि आता नुसती घाणेरी न रानमोडी माजलीय, कलमं शोधावी लागतायत. गडी मिळत नाय, मिळाला तर हजेरी परवडत नाय. ट्रॅक्टर घरचा आहे ३५ एचपीचा, म्हणून पाच फुटी जुना स्लॅशर (ट्रॅक्टरमागं जोडून गवत-झुडपं कापायचं यंत्र) बघून आलो, मालक पंचेचाळीस हजार सांगतोय.

वरून रंग ताजा मारलाय, तिथंच शंका आली. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमधून ऑइल पाझरतंय आणि पाती धरून हलवली की शाफ्ट थोडा खेळतो. दोन पात्यांतलं एक नवं, एक झिजलेलं, म्हणजे धडधडणारच ना? सगळ्यात वाईट म्हणजे पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद स्लॅशरला देणारा फिरता दांडा) शिअर बोल्ट, म्हणजे झटका बसला की आधी स्वतः तुटून बाकीचं वाचवणारा बोल्ट, काढून तिथं वेल्डिंग मारलंय! आमच्याकडे गवतात जांभ्याचे धोंडे लपलेले असतात, एक लागला की सगळा झटका गिअरबॉक्सवर नायतर ट्रॅक्टरच्या पीटीओवर.

नुसतं सील गेलंय का बेअरिंग पण, हे न खोलता कसं ओळखायचं? ५४० आरपीएमवर दहा मिनिटं चालवून दाखव म्हटलं तर टाळतोय. मनगटाएवढी खोडं याने तुटतात का, का ती आधी कोयत्यानेच काढावी लागतील? कोणी कोकणात वापरला असेल तर जरा सांगा, रविवारी टोकन द्यायचंय.